तपासनिसांची डावी बाजू

मंगळवारी दुपारी तीन वाजून अठरा मिनिटांनी विमा कार्यालयाच्या तिसऱ्या मजल्यावर क्लेम तपासनीस हसले.

त्या वेळी मजल्यावर चौतीस माणसं होती. त्यांतली काही तपासनिसांबरोबर तेवीस वर्षं काम करत होती. त्यांना हसताना याआधी कुणीही ऐकलेलं नव्हतं. हसणं साधारण दीड मिनिट चाललं आणि ते झेरॉक्सच्या खोलीतून आलं, याबद्दल सगळ्यांचं एकमत आहे. टेलिफोनवर बसणाऱ्या ताईंनी दचकून एका ग्राहकाची लाइन तोडली. त्याने लगेच पुन्हा फोन लावला.

"काय झालं हो? कुणी पडलं का?"

"नाही, आमचे तपासनीस हसले."

या ग्राहकाची फाइल चार महिने तपासनिसांच्या टेबलावर होती. मग त्याने हळूच विचारलं, "माझ्या फाइलवर?"

प्रकरणाची सुरुवात त्याआधी दहा आठवड्यांची. कार्यालयाच्या प्रमुख मॅडम रजेच्या अर्जांचा गठ्ठा चाळत होत्या आणि त्यांच्या लक्षात आलं की निम्म्या अर्जांवर एकच मजकूर आहे: मान, पाठ, खांदा, मनगट. आजार साथीचा नव्हता, खुर्चीचा होता. मॅडमनी वरच्या कार्यालयाला लिहिलं आणि वरच्या कार्यालयाने परवानगी दिली. आठ मंगळवार, दुपारी दोन ते चार, एक मालिशवाली बाई येईल. माणशी बारा मिनिटं. चाळीसपैकी किमान तीस वेगवेगळ्या कर्मचाऱ्यांनी एकदा तरी लाभ घेतला, तर मंगळवार कायम. नाही घेतला तर बंद. प्रत्येकाची रजिस्टरमध्ये सही हवी.

बाई पहिल्या मंगळवारी आल्या तेव्हा त्यांच्या खांद्यावर एक घडीची खुर्ची होती. झेरॉक्सच्या खोलीत उघडल्यावर ती उलटी दिसली. बसणाऱ्याने छाती टेकवायची, हात पुढच्या फळीवर ठेवायचे आणि तोंड एका गोल उशीत घालायचं. उशीला मधे भोक होतं आणि त्यावर दर माणसाला नवा कागद. मजल्यावरच्या प्रत्येकाने पहिला प्रश्न एकच विचारला.

"तेल लागतं का?"

"नाही. कपडे अंगावरच राहतात. फक्त पेन खिशातून काढा."

भोकातून बसलेल्याला फक्त फरशी आणि बाईंच्या हिरव्या पट्ट्याच्या चपला दिसत. त्यामुळे लोक चपलांशी बोलायला लागले. वसुली विभागातल्या एकाला बाई बाजारात भेटल्या, तेव्हा त्याने आधी खाली पाहिलं आणि मग नमस्कार केला. तिसऱ्या मंगळवारपासून मजल्यावर त्यांचं नाव 'बारा मिनिटं' पडलं. "बारा मिनिटं आल्या का?" असं लोक विचारत, आणि शिपाई सांगे, "लिफ्टमध्ये आहेत."

बाईंचं वय एकावन्न. आधीची अठरा वर्षं त्यांनी शर्टांच्या कारखान्यात कॉलर शिवण्यात काढली होती. रोज मान खाली, उजवा पाय पेडलवर. अठराव्या वर्षी मान खाली गेली ती वर येईना. एका दवाखान्यात उपचार घेताना तिथल्या मालिश करणाऱ्या बाईंनी त्यांची मान वर आणली. मग त्यांनी तेच काम शिकून घेतलं. गेल्या वर्षी त्यांच्याकडे चार कार्यालयं होती. दोन कार्यालयांनी माणसं घरून काम करायला पाठवली, एक दुसऱ्या गावाला गेलं. उरलं हे एक. चौथ्या मजल्यावरच्यांनी सांगून ठेवलं होतं की तिसऱ्या मजल्याचं कायम झालं तर आम्हीही सुरू करू. नाहीतर नाही.

दुसरीकडे त्यांची नणंद होती. ती त्याच शर्टांच्या कारखान्यात सुपरवायझर झाली होती आणि मनाने चांगली होती, म्हणूनच बाईंना तिच्याशी भांडता येत नव्हतं.

"वहिनी, कॉलरच्या लाइनीत एक जागा धरून ठेवलीय तुझ्यासाठी," आठव्या मंगळवारच्या आदल्या रात्री नणंद म्हणाली. "पुढच्या सोमवारी दुपारी अडीचला मला नाव द्यायचंय. तोवर तुझं ते खुर्चीचं काय ते बघ."

"आणि माझी मान?"

"मान सगळ्यांनाच आहे गं. महिन्याचा पगार सगळ्यांना नाही."

आठव्या मंगळवारी दुपारी दोन वाजून वीस मिनिटांनी रजिस्टरमध्ये तीस आकडा पडला. संगणक विभागातल्या मुलीने सही केली, ताईंनी टाळ्या वाजवल्या, आणि शिपायाने वर चौथ्या मजल्यावर जाऊन बातमी देऊन टाकली. मॅडमनी रजिस्टर मागवून घेतलं. या कार्यालयाची एक रीत आहे. कोणताही आकडा वर पाठवायचा असेल तर तो तपासनिसांच्या सहीशिवाय जात नाही, मग तो जळालेल्या गोदामाचा असो की चहाच्या कपांचा. दोन पंचवीसला रजिस्टर तपासनिसांच्या टेबलावर गेलं.

"गेलं," ताई म्हणाल्या.

तपासनिसांना मजल्यावर पाठीमागे 'परत-पाठवा' म्हणत, कारण फाइलवर ते हेच दोन शब्द लिहीत. वय छप्पन. शर्टाचं वरचं बटण कायम लावलेलं, आणि शर्ट कायम एक माप मोठा. आठ आठवड्यांत ते झेरॉक्सच्या खोलीकडे फिरकले नव्हते. ताईंनी मागच्या मंगळवारी त्यांच्यामागे उभं राहून एकदा प्रयत्न केला होता.

"साहेब, तुम्ही कधी जाताय?"

"माझी मान ठीक आहे."

"मग जरा माझ्याकडे बघून सांगा की."

तपासनिसांनी पायाने फरशीला रेटा दिला. खुर्ची चाकांवर डावीकडे वळली, आणि तिच्याबरोबर ते सगळेच्या सगळे वळले.

"ठीक आहे," ते म्हणाले.

"खुर्ची ठीक आहे तुमची," ताई म्हणाल्या.

रजिस्टर तपासायला त्यांना पंचवीस मिनिटं लागली. दोन पन्नासला ते रजिस्टर काखेत घेऊन झेरॉक्सच्या खोलीत गेले. बाई एका माणसाचं काम उरकून उशीवरचा कागद बदलत होत्या.

"क्रमांक सतरा आणि क्रमांक सव्वीस," तपासनीस म्हणाले. "दोन्ही सह्यांतला शेवटचा फराटा सारखा आहे. हा एकच माणूस आहे का?"

सतरा नंबर आवक-जावक कारकुनाचा होता. सव्वीस नंबरवर नुसतं एक अक्षर आणि एक फराटा. पहिल्यांदा येणाऱ्याला रांगेत आधी घ्यायचं आणि त्यालाच क्रमांक द्यायचा, असं ठरलेलं होतं. दुसऱ्यांदा येणाऱ्याने खाली बिननंबरची सही करून शेवटी थांबायचं. बाईंना हे ठाऊक होतं. एक कमी झाला तर एकोणतीस होतात, हेही ठाऊक होतं.

"मी सह्या बघत नाही," त्या म्हणाल्या. "माझ्यासमोर येतात ते खांदे. दिवसभर शिक्के मारणाऱ्याचा उजवा खांदा वर चढलेला असतो, आणि खालच्या कडेला एक गाठ असते, सुपारीएवढी. ती गाठ मी दोनदा धरलीय. एकदा सहाव्या आठवड्यात, एकदा त्याच्या आधी."

"म्हणजे एकच माणूस."

"खांदा एकच."

तपासनिसांनी सव्वीस नंबरवर बारीक रेघ मारली. बाहेर आवक-जावकला उभं करण्यात आलं.

"अहो, पहिल्या वेळी डावा खांदा राहिला होता!" तो म्हणाला.

"एकदा आवक, एकदा जावक," ताई म्हणाल्या. "आणि त्यात त्या बाईचा मंगळवार गेला. शोभतं का तुला?"

त्याला ते शोभलं नव्हतं हे त्याच्या कानांच्या रंगावरून दिसत होतं. तो कुणाला तरी धरून आणतो म्हणून निघाला, पण धरायला माणूस नव्हता. उरलेल्या अकरांचा हिशोब ताईंनी बोटांवर केला. चार रजेवर. दोघं दौऱ्यावर. एकीला दिवस गेले होते आणि डॉक्टरांनी थांबायला सांगितलं होतं. एकाचा हात प्लास्टरमध्ये. दोघांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की आम्हाला कुणी हात लावलेला आवडत नाही.

"त्या दोघांना मी बघते," ताई म्हणाल्या.

"नको," खोलीच्या दारातून बाई म्हणाल्या. "नको म्हणालेत ते. मी दुसऱ्यांदा विचारत नसते."

"अहो, पण तुमचाच प्रश्न आहे ना!"

"मान त्यांची आहे."

अकरावे तपासनीस. ते अजून खोलीतच होते. रजिस्टर बंद केलं होतं, पण जात नव्हते. बाईंनी खुर्चीची एक कडी सोडवायला घेतली.

"तुम्ही नाही म्हणू शकला असता," तपासनीस म्हणाले. "मला सिद्ध करता आलं नसतं. फराटा हा काही पुरावा नाही."

"तुम्ही विचारलंत."

तपासनिसांनी दार लोटलं. मग, ताईंना दाराबाहेर अर्धवट ऐकू आलं त्याप्रमाणे, ते खूप हळू आवाजात म्हणाले, "मला होतात."

"काय होतात?"

"गुदगुल्या."

ही गोष्ट त्या मजल्यावर फक्त ताईंना माहीत होती. तपासनीस मोबाइल बंद ठेवत, म्हणून त्यांची बायको रोज दीड वाजता कार्यालयाच्या फोनवर फोन करी, आणि जोडून देण्याआधी दोघींच्या चार गोष्टी होत. बायकोने सांगितलं होतं की शिंपी त्यांचं माप घेऊ शकत नाही, म्हणून शर्ट तयार आणावे लागतात, अंदाजाने एक माप मोठे. केस ती कापते. मानेवरचे ते स्वतः दोन आरसे धरून कापतात. घरातल्या एकुलत्या एक फोटोत बायको, दोन मुली आणि जावई स्पष्ट आहेत, आणि यांच्या जागी एक धूसर ढग आहे, कारण ऐन वेळी फोटोग्राफरने कॉलर नीट केली होती. ताईंनी हे कुणालाही सांगितलं नव्हतं. ताईंच्या बाबतीत ही मोठीच गोष्ट होती.

बाई हसल्या नाहीत. "लहानपणापासून?" त्यांनी विचारलं.

"हो. मध्ये फाइल धरली तर चालेल का? पुठ्ठ्याची?"

"फाइल नको. तुमचाच हात चालेल. स्वतःच्या हाताने स्वतःला गुदगुल्या होत नाहीत, करून बघा."

तपासनिसांनी करून पाहिलं. म्हणणं बरोबर होतं.

तीन वाजून सहा मिनिटांनी ते खुर्चीवर उलटे बसले. बाईंनी स्वयंपाकघरात ठेवतात तसलं घड्याळ बारावर फिरवलं. तपासनिसांनी उजवा पंजा स्वतःच्या डाव्या खांद्यावर ठेवला आणि बाईंनी आपला हात त्यांच्या हातावर ठेवला. खांदा दाबत होता तो त्यांचाच पंजा. वजन तेवढं बाईंचं होतं.

"हा हात आता मी चालवते. तुम्ही सोबत या."

हात मानेच्या मुळापर्यंत गेला आणि परत आला. चार मिनिटांनी बाईंनी बोटांऐवजी कोपरापासून मनगटापर्यंतचा सबंध हात आडवा टेकवला, जड आणि सपाट. बोटं सुळसुळतात, सपाट हात सुळसुळत नाही. सातव्या मिनिटाला तपासनिसांचा स्वतःचा पंजा खांद्यावरून घसरून खाली लोंबू लागला, आणि त्यांना ते कळलं नाही.

"डावीकडे लाकूड आहे नुसतं," बाई म्हणाल्या. "डावीकडे बघत नाही का तुम्ही कधी?"

"कामाच्या फाइली उजवीकडे येतात," खालून आवाज आला. तो चपलांना उद्देशून होता. "तपासलेल्याही उजवीकडेच जातात."

"आणि डावीकडे काय आहे?"

तपासनिसांनी विचार केला. "खिडकी असावी."

तीन अठराला घड्याळ वाजलं. ते उठले. उशीवरचा कागद त्यांच्या गालाला चिकटून वर आला होता आणि त्याचं एक टोक डाव्या कानामागे अडकलं होतं. बाईंनी तो दोन बोटांनी काढला.

एवढंच कारण पुरलं.

मजल्यावर आधी कुणाला कळेना की आवाज कसला आहे. झेरॉक्सचं मशीन अडकलं असावं असं वसुलीवाल्याला वाटलं. मग शिपायाने दार उघडलं, आणि तपासनीस भिंत धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसताना दिसले. हसता हसता ते हाताने "काही नाही, काही नाही" असं सांगत होते. आधी प्लास्टरवाला हसायला लागला, मग आवक-जावक, मग बघता बघता सगळा मजला. मॅडम केबिनमधून बाहेर आल्या, कारण विचारायला तोंड उघडलं, आणि त्याही हसल्या. कशाला हसतोय हे फक्त तिघांनाच माहीत होतं.

तपासनीस आपल्या टेबलाकडे गेले. वाटेत त्यांनी मान डावीकडे वळवली. खुर्चीशिवाय, नुसती मान.

"ती समोरची इमारत पिवळी कधी केली?"

"दोन वर्षं झाली, साहेब," शिपाई म्हणाला.

त्यांनी रजिस्टर उघडून क्रमांक तीसवर सही केली, पूर्ण नावानिशी, वेळेसकट. मजल्यावर दुसऱ्यांदा टाळ्या पडल्या. चौथ्या मजल्याला दुसऱ्यांदा कळवण्यात आलं. हे तीन पंचवीसला.

तीन चाळीसला तपासनिसांनी तेच रजिस्टर पुन्हा पुढे ओढलं आणि खाली शेरा लिहिला: "क्रमांक ३० ही नोंद तपासनिसाची स्वतःची आहे. तपासनिसाने स्वतःची नोंद स्वतः प्रमाणित करणे नियमात बसत नाही. निर्णय वरिष्ठांनी घ्यावा."

मॅडमनी शेरा वाचला. चष्मा काढून पुन्हा वाचला. "हे लिहायलाच हवं होतं का?"

"हो."

"आनंदाने हो म्हणताय?"

"मॅडम, दुसऱ्या कुणाच्या नोंदीवर मी हेच लिहिलं असतं."

"अरे देवा," ताई म्हणाल्या. "या माणसाचं करायचं काय! हसवला तरी परत-पाठवाच."

तपासनीस स्वतः खोलीत सांगायला गेले. बाईंनी खुर्चीचे दोन पाय मिटवले होते.

"मी आक्षेप घेतलाय," ते म्हणाले.

"कुणावर?"

"माझ्यावर."

सोमवारचे अडीच बाईंच्या तोंडावर स्पष्ट दिसत होते, पण त्या वेगळंच बोलल्या. "मान कशी आहे?"

"उत्तम."

"ते लिहिलंत?"

तपासनीस परत टेबलाकडे गेले. पहिल्या शेऱ्याखाली दुसरा पडला: "मान डावीकडे वळते. पडताळून पाहिले." मग त्यांनी ड्रॉवरमधून दोऱ्याचं एक पिवळं लेबल काढलं, अपघातातल्या गाड्यांना बांधतात तसलं, आणि ते घडीच्या खुर्चीला बांधलं. लेबलवर छापील मजकूर होता: तपासणी बाकी. हलवू नये.

"म्हणजे ही मी न्यायची नाही?" बाईंनी विचारलं.

"पुरावा आहे तो. पुरावा हलवता येत नाही."

बाई त्या दिवशी रिकाम्या खांद्याने घरी गेल्या. वाटेत त्यांना दोनदा काहीतरी विसरल्यासारखं वाटलं.

बुधवारी अकरा वाजता रजिस्टर वर गेलं. गुरुवारी वरून फोन आला. नोंद क्रमांक तीस बाद करावी की धरावी याबद्दल वरच्या कार्यालयात दोन मतं पडली होती. समान दर्जाच्या दुसऱ्या तपासनिसाने प्रत्यक्ष येऊन पडताळणी करावी असं ठरलं. शेजारच्या शाखेचे तपासनीस सोमवारी दुपारी मोकळे होते. बाईंनाही जबाबासाठी बोलावलं. त्यांनी नणंदेला विचारलं की अडीचचे चार करता येतील का. नणंद म्हणाली की मी केले असते, पण यादी माझ्या हातात नाही गं.

सोमवारी दुपारी एक वाजून चाळीस मिनिटांनी शेजारच्या शाखेचे तपासनीस लिफ्टमधून उतरले. त्यांच्या मानेला हनुवटीपर्यंत पांढरा पट्टा होता.

त्यांनी शेरे वाचले, रजिस्टर डोळ्यांसमोर उंच धरून, कारण खाली बघता येत नव्हतं. "'पडताळून पाहिले' असं लिहिलंय. कसं पाहिलं?"

तपासनिसांनी मान डावीकडे केली, उजवीकडे केली, पुन्हा डावीकडे केली.

"हे आताच्या मानेबद्दल झालं. आधी वळत नव्हती, याला साक्षीदार?"

एकोणचाळीस हात वर गेले. रजेवरचे चौघे परत आले होते, त्यांचेही. दौऱ्यावरच्या दोघांनी आदल्या मंगळवारी नसल्याबद्दल माफी मागून हात वर केले.

पाहुण्या तपासनिसांनी सगळं लिहून घेतलं. हात दोनदा मोजले. मग ते झेरॉक्सच्या खोलीत गेले आणि लेबल बांधलेल्या खुर्चीभोवती एक फेरी मारली. मान वळत नसल्याने ती फेरी पायांनीच पूर्ण करावी लागली. शेवटी बाईंसमोर उभे राहून त्यांनी घसा साफ केला.

"तेल लागतं का?"

"नाही," बाई म्हणाल्या. "पट्टा डॉक्टरांनी दिला, की दुकानातून आणला?"

"दुकानातून."

"हाताला मुंग्या येतात? चक्कर?"

"नाही."

"तरी मानेला हात लावणार नाही मी. ती आधी डॉक्टरांना दाखवा. आज फक्त खांदे."

पाहुण्यांनी तपासनिसांकडे पाहिलं. तपासनिसांनी खाली वाकून खुर्चीच्या लेबलाची गाठ स्वतः सोडली.

दोन वाजून सोळा मिनिटांनी दार बंद झालं. घड्याळ बारावर फिरवल्याचा आवाज बाहेर ऐकू आला. बाईंचा मोबाइल ताईंच्या टेबलावर ठेवलेला होता. तो दोन एकवीसला वाजला.

"वहिनी, काय ठरलं? अडीच होत आले."

"मी वहिनी नाही, टेलिफोनवरची ताई," ताई म्हणाल्या. "वहिनी कामात आहेत. सात मिनिटांनी करा."

पाहुण्यांचा अहवाल अजून लिहायचा आहे. दोन वाजून सत्तावीस मिनिटांनी दार बंदच होतं, घड्याळ वाजायला एक मिनिट आणि अडीचला तीन मिनिटं उरली होती, आणि तपासनीस दारासमोर उभे राहून डावीकडे, खिडकीबाहेर बघत होते.